सूनबाईसाठी कापलेलं टेबल

घड्याळदुरुस्तीच्या दुकानात कुणी "हलू नका!" म्हणालं की हलायचं नसतं. चिमट्यातून उडालेला तिळाएवढा स्क्रू कुणाच्या बुटाखाली जाईल याचा नेम नाही. गिऱ्हाईकसुद्धा असेल तसं उभं राहतं आणि दुकानातलं कुणीतरी गुडघ्यांवर येऊन लोहचुंबक फिरवतं. या दुकानात असा पुकारा महिन्यातून एखादा व्हायचा. सूनबाईला सातवा लागला आणि तो दिवसातून तीनदा व्हायला लागला.

सूनबाई लग्न होऊन आली तेव्हा घड्याळात वेळ बघण्यापलीकडे तिला काही येत नव्हतं. सासऱ्यांनी आधी मुलाला शिकवून पाहिलं. तो बोलतो गोड, असं लक्षात आल्यावर त्याला काउंटरवर बसवलं आणि चिमटा सुनेच्या हातात दिला. आठ वर्षांत खिडकीजवळची खुर्ची तिची झाली. लोक घड्याळ देताना विचारायचे, "बाई स्वतः बघतील ना?"

घरातही पडझड चालूच होती. दोन कप, एक बरणी आणि सासूबाईंचा चष्मा. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "या दिवसांत सांधे सैल होतात, बोटं सुजतात, तोल बदलतो. जपून चाला."

"चालताना काही नाही हो," सूनबाई म्हणाली, "मी बसल्या बसल्या पाडते."

तिला वाकता येईना, म्हणून जमिनीवर रांगायचं काम नवऱ्याकडे आलं. एकदा पोस्टमनचा एक पाय उचललेला असताना पुकारा झाला.

"ताई, दुसरा पाय टेकू का?"

"थांबा दादा. अहो, त्यांच्या पायाखाली बघा आधी."

स्क्रू पोस्टमनच्या पिशवीत निघाला. त्या संध्याकाळी सासऱ्यांनी निकाल दिला. "उद्यापासून तू काउंटरवर. टेबलावर हा बसेल."

नवऱ्याचा चेहरा पडला. एकदा त्या खुर्चीवरून उठलं की बाळ, मग बाळाचे दात, मग बाळाची शाळा, आणि खुर्ची गेली ती गेलीच, हे सूनबाईला दिसत होतं.

"मामंजी, एक दिवस द्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने काम कमी केलं आणि स्वतःकडे जास्त पाहिलं. पूर्वी तिची कोपरं टेबलावर टेकायची. आता मधे पोट. खुर्ची वीतभर मागे गेलेली, कोपरं हवेत आणि हवेतल्या हातांनी केसाएवढी स्प्रिंग बसवायची.

"बोटं सुजलीत खरी," ती सासऱ्यांना म्हणाली, "पण घोळ कोपरांचा आहे. शेजारच्या सोनाराच्या टेबलाला पुढून अर्धगोल खाच आहे बघा. तशी आपणही करून घेऊ."

"आपण काय सोनार आहोत?"

"नाही. आपण गरोदर आहोत."

टेबल सासऱ्यांच्या वडिलांचं होतं. त्यावर चहाचा कप ठेवायचीही कुणाची टाप नव्हती. सासरे दोन दिवस ते टेबल पुसत राहिले. तिसऱ्या दिवशी जेवताना सासूबाई म्हणाल्या, "टेबल तुमच्या वडिलांचं, कबूल. नातवंड कुणाचं?"

सुतार आला. आता सुनेच्या पोटाचं माप सासऱ्यांनी घ्यायचं कसं, हा प्रश्न पडला. शेवटी सूनबाईने पोट आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठा धरला, सासूबाईंनी त्यावर पेन्सिल फिरवली आणि सासरे भिंतीवरच्या घड्याळांकडे बघत उभे राहिले. त्यांत अकरा वेगवेगळ्या वेळा झाल्या होत्या. मग त्यांनी पुठ्ठा हातात घेतला आणि रेघ दोन इंच आत सरकवली.

"अजून दोन महिने आहेत," ते सुताराला म्हणाले. करवत लागली तेव्हा ते बाहेर जाऊन उभे राहिले.

त्यानंतरही स्क्रू उडाले, नाही असं नाही. पण आठवड्याला एखादा, आणि तोही बहुतेक तिच्या ओच्यातच सापडायचा. नववा भरेपर्यंत ती त्या खाचेत बसून काम करत राहिली.

ती बाळंतपणाला गेली आणि खुर्चीवर सासरे बसले. मुलाला बसवायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. खाचेत त्यांचंही पोट नीट मावलं. चार महिन्यांनी सूनबाई परत आली, तेव्हा त्यांना तिथून उठवायला तिला आठ दिवस लागले.