उकाड्यात घेतलेली रीडिंग

रोह्याच्या कॉलेजात मी फिजिक्स शिकवायचे, तेही तासांवर. पीएचडी झाली तरच कायम करू, असं प्राचार्यांनी तोंडावर सांगितलं होतं. विषय मात्र मी हौसेनं निवडला: दोन चित्रं उजेडानंच ताडून बघणारं यंत्र, ऑप्टिकल कोरिलेटर. चित्रं जुळली की पडद्यावर एक लख्ख ठिपका उमटतो. त्याचा जीव म्हणजे द्रवस्फटिकाची काच. ती मी बंद पडलेल्या प्रोजेक्टरमधून काढली होती. तिच्यावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एकेक छटा द्यायची आणि लेसरचा उजेड तिच्यातून जाताना किती मागे रेंगाळतो ते पडद्यावरचे उजेडाचे पट्टे किती सरकले यावरून मोजायचं. हे मोजमाप चुकलं तर बाकीचं सगळं मुसळ केरात.

मोजायला सोबत होते प्रयोगशाळेतले शिपाईकाका. मी पेणहून पोचायच्या आत ते खिडक्यांना काळं कापड लावून ठेवायचे. वाऱ्यानं उजेडाचे पट्टे थरथरत, म्हणून पंखा बंद. मे महिन्यात त्या खोलीत आम्ही दोघं घामानं निथळत बसायचो. पट्टा किती सरकला ते काका वाचायचे, मी लिहायचे आणि पानाखाली ते सही करायचे. एखादा आकडा पटला नाही तर म्हणायचे, "थांबा बाई, परत बघू." त्यांची नजर माझ्यापेक्षा पक्की होती.

मुंबईच्या परीक्षकांनी तीच काच आपल्या एसी प्रयोगशाळेत लावली. आकडे जुळेनात. "हे मनानं लिहिलंय का?" त्यांनी विचारलं. तिथून थेट रोह्याला येताना वडखळला गाडी कोंडीत अडकली तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. ही काच तापली की वेगळी वागते, आणि अख्ख्या वहीत मी खोलीचं तापमान एकदाही लिहिलं नव्हतं. उकाडा आमच्याकडे असतोच, त्याची नोंद कोण करतं?

चूक माझी होती, शंभर टक्के माझी. कबूल करायची तर सगळं मोजमाप दर तापमानाला नव्यानं करावं लागणार होतं, त्यात महिने गेले असते, आणि जागा त्याच वर्षी भरायची होती. पीएचडीचे मुंबईतले मार्गदर्शक म्हणाले, "एक ओळ टाका. आधीची रीडिंग मदतनिसानं घेतली, ती सदोष निघाली. नवी इथे एसीत घ्या, आठ दिवसांचं काम." मी ओळ टाकली. कुणी माझा हात धरून लिहून घेतली नव्हती.

मी कायम झाले. पेढे काकांनीच स्टाफरूमभर फिरवले. मग हट्टानं प्रबंधाची प्रत घरी नेली, बारावीतल्या मुलीला बापाचं काम दाखवायला. मुलीनं ती ओळ मराठीत करून सांगितली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रत माझ्या टेबलावर ठेवली. भांडले असते तर बरं वाटलं असतं मला. हळूच म्हणाले, "बाई, माझं कुठं चुकलं ते काय समजलं नाय. सांगा, म्हंजे पुढच्या टायमाला तसं होणार नाय."

एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "जाऊ द्या काका, होतं असं कधी कधी," आणि त्यांना माफ केल्यासारखी हसले.