सायकल ट्रॅकवरची गिट्टी

“धंतोलीजवळचा सायकल ट्रॅक काढायचा आहे. तो कोणी वापरत नाही, असा साइट रिपोर्ट द्या,” एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर साहेब म्हणाले. मग त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. तिथेच मला शंका आली. ज्युनिअर इंजिनिअरला साहेब कधी चहा पाजत नसत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी शहराच्या रस्ते खात्यात होतो. सायकली मोटारींपासून वेगळ्या राहाव्यात म्हणून रस्त्याच्या कडेला एक पट्टी राखलेली होती. मध्ये कर्ब, म्हणजे दगडांची बुटकी कड. एकदा पाहून येतो आणि मग लिहितो, असं मी म्हणालो. साहेबांना ते रुचलं नाही.

सकाळी गेलो. ट्रॅक खरंच रिकामा होता. सायकली सगळ्या मुख्य रस्त्यावर, ट्रकांना चिकटून चाललेल्या. तरी मन मानेना. सुखाची वाट सोडून लोक जीव धोक्यात का घालतील? मी ट्रॅकवरून पायी निघालो. वळणापलीकडे गिट्टीचा, म्हणजे खडीचा, भलामोठा ढीग. पुढे आणखी एक. जवळपास रस्त्याचं काम कुठेच चालू नव्हतं.

तिथल्याच एका दवाखान्यातल्या मेश्राम सिस्टर सायकलवरून येत होत्या. त्यांना थांबवून विचारलं, ट्रॅक का सोडला?

“आम्ही काहून सोडू जी? गिट्टी टाकून ठेवली, त मंग जाव कुठून? माह्या संगच्या सिस्टरले परवा ट्रकचा धक्का लागला. हात मोडला तिचा.”

गिट्टी कोणी टाकली, तेही त्यांनी पाहिलं होतं. गाडी आमच्याच खात्याची होती.

मी आमच्या मजुरांकडून गिट्टी उचलून घेतली. मग एका सकाळी, ऑफिसं भरायच्या वेळेला, साहेबांना साइटवर घेऊन गेलो. कारकून, सिस्टर, गिरणीतले कामगार, ट्रॅक भरून चालले होते. साहेब जीपमध्येच बसून राहिले. हळू आवाजात म्हणाले, “गिट्टी कोणाच्या ऑर्डरनं उचलली?”

गिट्टीचा विषय मी त्यांच्याजवळ कधी काढलाच नव्हता.

“माझ्या, साहेब. टाकायची ऑर्डर कोणाची होती, ते मात्र कळलं नाही.”

त्यांनी ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली.

रिपोर्टमध्ये मी पाहिलं तेच लिहिलं. ट्रॅक राहिला. माझी बदली नाल्यांच्या कामावर झाली. ट्रॅकलगतच्या प्लॉटवर कोणाचं तरी मोठं बांधकाम येणार होतं, एवढंच पुढे कानावर आलं. खरंखोटं माहीत नाही.

सरकारी जागा रिकामी दिसली, की ती रिकामी कोणी केली ते विचारावं. उत्तर मिळेलच असं नाही. बदली मिळते.