साठ फुटांचं डांबर

माझ्या थोरल्या साडूंनी मला आणला तेवढा संताप आयुष्यात दुसऱ्या कुणीही आणलेला नाही, आणि हे मी पोस्टाच्या खिडकीमागे तेहतीस वर्षं काढलेला माणूस सांगतोय. माणूस वाईट आहे का? बिलकुल नाही. माझ्या ऑपरेशनच्या वेळी हे गृहस्थ अकरा दिवस दवाखान्याच्या पायरीवर बसून होते. पण कुठल्याही गोष्टीचा भाव निघाला, की त्यांच्या अंगात येतं. सगळं जग आपल्याला फसवायला टपलंय अशी त्यांची खात्री आहे. परवाच्याला कोथिंबिरीची जुडी घ्यायला गेले आणि गावातल्या चारही भाजीवाल्यांशी भांडून हात हलवत परत आले. त्या दिवशी आम्ही कोथिंबिरीशिवायच वरण खाल्लं, आणि वर 'मी कसं त्यायला सरळ केलं' हेही ऐकून घेतलं.

त्यांचं घर जालन्याकडच्या टेंभुर्णीला, रस्त्यापासून साठ फूट आत. मधे नुसती काळी माती, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात हातहातभर भेगा. माझी मेव्हणी, म्हणजे आमची अक्का, दोन्ही गुडघ्यांनी अधू आहे, वॉकरशिवाय तिला चालता येत नाही. एका पावसाळ्यात त्या चिखलात वॉकर असा रुतला की चौघांनी तिला उचलून आत आणली, आणि त्या दिवसापासून तिनं उंबरा ओलांडला नाही. मुरूम टाकून पाहिला, तो मातीनं गिळला. रस्त्यापलीकडे कापडदुकानवाल्या मारवाडी काकू राहायच्या, अक्काची चाळीस वर्षांची मैत्रीण. त्यांचेही गुडघे तसलेच. दोघी आपापल्या दारात खुर्ची टाकून बसायच्या, एकमेकींकडे बघत फोनवर बोलायच्या आणि बोलताना हातवारेही करायच्या. अक्काचं मागणं एकच होतं. "मला रस्त्यापस्तोर तेवढं डांबर करून द्या. मी माझी माझी जाईन काकूकडं."

जालन्याचा ठेकेदार आला. त्यानं टेप लावला, खोदाई, मुरूम, खडी, रोलर, डांबर असं सगळं धरून एक आकडा सांगितला. साडू ताडकन उठले. "डांबर टाकून राह्यला का सोनं टाकून राह्यला रे? मंठ्याला याच्या अर्ध्यात होतंय!" ठेकेदार बिचारा चहा अर्धा ठेवून गेला.

आणि मग तीन वर्षं! तीन वर्षं हा माणूस जिल्हाभर डांबराचे भाव विचारत फिरला. मंठ्याला लग्नात सगळे अक्षता टाकत असताना हे यजमानांच्या अंगणात उकिडवे बसून मोटारसायकलच्या किल्लीनं डांबराची कड उकरत होते, जाडी बघायला. हसनाबादला आम्ही मयतीला भेटायला गेल्तो. घरात रडारड, आणि यांनी मयताच्या मुलाचा हात हातात घेऊन, डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "हे दारातलं काम कुणाकडून केलं? काय पडला खर्चा?" मी शरमेनं मान खाली घातली. नमुना म्हणून डांबराचा एक खडा ते शर्टाच्या खिशात घेऊन हिंडायचे. मे महिन्यात तो खिशातच वितळला. अक्कानं रॉकेलनं तो शर्ट घासून परत त्यांना घालायला दिला, याचा मला जास्त राग आला.

शेवटी मी भडकलो. म्हणालो, "दाजी, बाई घरात कोंडली तुम्ही! आग लावा त्या भावाला!" तर म्हणतात कसे, "पाव्हणे, पैशाचं न्हाई हो. पैसे बाजूला काढून ठेवलेत. पण मंठ्याला अर्ध्यात होतंय म्हणल्यावर मी फसून का घेऊ?" आता या माणसापुढं काय डोकं फोडायचं?

मंठ्याचा, फोनवर अर्धा भाव सांगितलेला तो स्वस्त ठेकेदार 'येतो, येतो' म्हणत तीन वर्षांनी, परवाच्या दिवाळीनंतर उगवला. योगायोगानं मीही तिथं होतो. साडूंनी विजयी मुद्रेनं त्याला जागा दाखवली आणि म्हणाले, "तुमचा ब्रासचा भाव सांगा." त्यानं सांगितला. "ऐका पाव्हणे!" साडू म्हणाले. ठेकेदार म्हणाला, "काका, हा खडीच्या ब्रासचा भाव आहे. शंभर घनफूट नुसती खडी. तुम्ही फोनवर ब्रासच विचारला होता ना?" साडूंनी तो शंभर चौरस फुटांच्या तयार कामाचा भाव धरला होता. आमच्याकडे जागाही ब्रासनं मोजतात आणि खडीही ब्रासनंच, पण सबंध जिल्ह्यात ही चूक करणारा हा एकच महाभाग! ठेकेदारानं पूर्ण कामाचा हिशोब करून दिला. तो जालनेवाल्यापेक्षा वरच गेला.

साडू खाली बसले. मग उठून त्यांनी जालन्याला फोन लावला आणि एवढंच म्हणाले, "या. तुम्ही म्हणाल ते." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी भाव केला नाही. पण त्याच्या आठच दिवस आधी मारवाडी काकूंना मुलानं कायमचं पुण्याला नेलं होतं. जाताना त्या मोटारीत बसल्या, अक्का दारात उभी राहिली. मधे तीच साठ फूट माती. दोघींना एकमेकींच्या गळ्यात पडताही आलं नाही.

डांबर झालं. फार सुंदर झालं, हे रागातसुद्धा कबूल करतो. तिसऱ्या दिवशी सकाळी अक्का वॉकर घेऊन निघाली. साडू मागं दोन हात पुढं करून, पण तिला न शिवता, चालत होते. ती रस्त्याच्या कडेपर्यंत गेली. समोरच्या दाराला कुलूप होतं. त्याकडे तिनं जरा वेळ पाहिलं, म्हणाली, "बराबर झालंय हो काम," आणि वळून, टेकत टेकत, एकटी घरात गेली.

साडू तिथंच रस्त्याच्या कडेला बसले. मी तीन वर्षं साठवून ठेवलेलं सगळं बोलणार होतो, तोंड उघडलंही होतं. त्यांनी वर न बघता म्हटलं, "पाव्हणे, द्या ना शिव्या. आज तरी द्या." मी त्यांच्या शेजारी बसलो.