वाटेत मांडलेलं आसन

परंदवडीत बयाबाईच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. भाजीवाला तिच्या दारात गाडी उभी करायच्या आधीच वजनं पुसून ठेवी, आणि ग्रामपंचायतीचा शिपाई तिच्या आळीतून जाताना मोबाईल कानाला लावून जाई, पलीकडे कुणी असो वा नसो. नवरा नथू म्हणजे देवमाणूस. लग्नाला चाळीस वर्षं होत आली तरी त्याचं एखादं वाक्य पुरतं झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. अशी ही बाई साऱ्या गावाशी भांडायची, पण थोरल्या जावेशी, येसूबाईशी, एक अक्षर बोलायची नाही.

घर एकच, मधे भिंत घातलेली, आणि पुढे दोघींत मिळून एक अंगण. अबोल्याला अकरा वर्षं झाली होती. अबोला म्हणजे गप्प राहणं असं ज्यांना वाटतं त्यांनी जावा-जावांचा अबोला पाहिलेला नाही. येसूबाई म्हशीला पेंड घालताना म्हशीशी बोले, की खा बाई, काही लोकांच्या पोटात दुसऱ्याचं बघून दुखतं, तुझं तसं नाही. बयाबाई कोंबड्यांना दाणे टाकता टाकता त्याचं उत्तर देई. लेकी बोले सुने लागे, ही म्हण त्या अंगणात गुराढोरांवर येऊन ठेपली होती. नळाला पाणी आलं, वायरमन आला, असं खरंच काही सांगायचं असलं तर बयाबाईची सून प्रेरणा भिंतीच्या अलीकडून पलीकडे निरोप नेई.

कारण मात्र फुटकळ नव्हतं. अकरा वर्षांमागे भात लावणीला इर्जिक घातलं होतं. आळीतल्या पंचवीस बाया आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या, अशा एकमेकींच्या लावणीला उतरायच्या. रोपं उपटून झाली होती, चिखल तयार होता. तेव्हा घरात मोबाईल एकच, येसूबाईच्या कमरेला. सकाळी दहाला नाणे मावळातून बयाबाईच्या भावाचा फोन आला: आई जास्त आहे, तुझं नाव घेतेय, लवकर ये. येसूबाईने तो घेतला, मोबाईल पुन्हा कमरेला खोचला आणि वाकून पुढची ओळ लावली. बयाबाईला तिने सांगितलं ते संध्याकाळी पाचला, हातपाय धुऊन झाल्यावर. बारा वाजता म्हातारी गेली होती. चारपर्यंत लेकीची वाट बघून लोकांनी तिला उचललं होतं. बयाबाई पोचली तेव्हा दारात नुसता गोवऱ्यांचा धूर होता.

एवढ्यावर येसूबाईने चूक झाली म्हटलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण ती पडली थोरली. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर काय जित्ती ऱ्हायली असती?" त्या वाक्यानंतर बयाबाई तिच्याशी कधी बोलली नाही.

अकरा वर्षं निखारा फुंकत बसलं की रक्तदाब वाढतोच. सोमाटण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या दुप्पट केल्या, आणि शेवटी मावशी, जरा डोकं शांत ठेवा म्हणाले. बयाबाईने त्यांचंही डोकं फिरवलं. मग प्रेरणाने तळेगावच्या कंपनीतल्या कुणाकडून पत्ता काढला आणि सासूला लोणावळ्याच्या पलीकडे एका ध्यानकेंद्रात दहा दिवसांसाठी घातलं. बुद्धाने शिकवलेली साधना: श्वास बघायचा, मन बघायचं, दहा दिवस कुणाशी बोलायचं नाही. हवापालट आहे, जेवण आयतं आहे, एवढंच प्रेरणाने सासूला सांगितलं. बाकीचं तिथे गेल्यावर कळेल म्हणाली, आणि दहा दिवस ती स्वतःही गाढ झोपली.

तिथे पुण्यामुंबईचे लोक आले होते. बोलायचं नाही म्हटल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांची तोंडं उतरली. एक बाई तिसऱ्या दिवशी न्हाणीघरात नळ सोडून स्वतःशीच बोलताना सापडली. बयाबाईला सगळ्यांची कीव आली. ह्यांना इथे येऊन जे शिकावं लागतं ते आमच्या अंगणात अकरा वर्षं फुकट चाललंय, असं तिच्या मनात आलं आणि तिला तिथे पहिल्यांदा बरं वाटलं. मौन पाळण्यात ती पहिली आली. शिकवणाऱ्या प्रमोदिनीताई, तळेगावच्या निवृत्त शिक्षिका, त्यांनीही तिचं कौतुक केलं.

पण शेवटच्या दिवशी गाडं अडलं. त्या दिवशी मैत्री करायची असते. साऱ्या जिवांचं भलं होवो म्हणायचं, आणि मग ज्याचा राग आहे असं एक माणूस डोळ्यांपुढे आणून त्याचंही भलं चिंतायचं. बाकीच्या बाया डोळे मिटून रडू लागल्या. बयाबाईने डोळे उघडले आणि ती उठून ताईंपुढे जाऊन उभी राहिली.

"मला न्हाई जमायचं," ती म्हणाली. "ती मेली तरी मी तिच्या दारात जानार न्हाई. खोटं कशाला बोलू?"

ताईंनी समजावणी लावली नाही. त्या म्हणाल्या, "मग नका म्हणू. फक्त तिची आठवण आली की काही करू नका. आधी श्वास कसा चालतो ते बघा."

हे मात्र बयाबाईला पटलं. घरी आल्यावर रोज सकाळी आठला ती बसू लागली. पण कुठे बसली? घरात जागा होती, मागे पडवी होती. तिने खताचं रिकामं पोतं दुमडलं, त्यावर गोधडी टाकली आणि ते आसन नेमकं अंगणाच्या मधोमध मांडलं. गोठ्यातून उकिरड्याकडे जायची येसूबाईची वाट तीच. शेणाची पाटी डोक्यावर घेऊन साठी ओलांडलेल्या त्या बाईला रोज वळसा घालून, चिंचेच्या मुळ्यांवरून ठेचकाळत जावं लागे. आणि बयाबाई डोळे मिटून श्वास बघत असे. नाकपुडीपाशी गार वारा आत, ऊन वारा बाहेर, आणि कानात जावेच्या पायांची फरफट. तिला ती फरफट गोड लागत होती, खोटं कशाला बोला.

येसूबाईही काही कमी नव्हती. बयाबाई बसली की ती मुद्दाम बादल्या आपटे. म्हशीला मोठ्याने सांगे, "आता दर्शनाला रांगा लागतीन बघ आपल्या दारात." पण समोरून कोंबड्यांचं उत्तर येईना, तेव्हा ती हळूहळू एकटी पडली. गावात बोलणं व्हायला लागलं की बयाबाई निवली, बुद्धाच्या मार्गाला लागली, आणि थोरलीचंच तोंड सुटलंय. रक्तदाबही उतरला. जे अकरा वर्षांच्या शिव्याशापांनी झालं नाही ते दोन महिन्यांच्या ध्यानाने झालं: सारं गाव बयाबाईच्या बाजूला आलं.

मग तो गुरुवार उजाडला. नथू रानात गेला होता, प्रेरणा कंपनीत. आठ वाजले होते, बयाबाई आसनावर बसली होती आणि गोठ्यात येसूबाई धार काढत होती. बयाबाईच्या मांडीवरचा मोबाईल वाजला. सुदुंबऱ्याहून येसूबाईची भाची अपेक्षा बोलत होती.

"काकू, आत्याचा फोन लागत न्हाई. बाबांचं काय खरं न्हाई. सकाळपासून आत्यालाच हाका मारत्यात. तिला घिऊन या ना लवकर."

बयाबाई बरं म्हणाली आणि फोन ठेवला.

अपेक्षाचे बाबा म्हणजे निवृत्ती, येसूबाईचा धाकटा भाऊ. आईमागे तिनेच त्याला कडेवर वाढवलेला. महिनाभर तो अंथरुणाला खिळला होता, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं, आणि येसूबाई दर चार दिवसांनी एसटीने जाऊन येत होती. हे सारं बयाबाईला ठाऊक होतं. गोठा आसनापासून दहा पावलांवर होता. धारेचा आवाज ऐकू येत होता.

छातीत काहीतरी उबदार वर चढलं. सांज होऊ दे, असा एक विचार आला, अगदी हळू, घरच्यासारखा. बयाबाई दचकली. मी काही तिच्यासारखी नाही, तिने स्वतःला बजावलं. सांगणार तर आहेच. पण ताईंनी सांगितलंय, तिची आठवण आली की आधी काही करायचं नाही, श्वास बघायचा. डोकं तापलेलं असताना गेलं तर भलतंच तोंडातून जाईल. म्हणून तिने डोळे मिटले आणि ती श्वास बघू लागली.

श्वास छान चालला होता. इतका संथ तो केंद्रातही कधी चालला नव्हता. गोठ्यातून म्हशीला उद्देशून शब्द आले, "लोकास्नी कामं न्हाईत, बसल्यात डोळं झाकून." बयाबाई मनात म्हणाली, बोल अजून, आणि आणखी थोडी बसली. पाटी भरून येसूबाई बाहेर आली, चिंचेच्या मुळ्यांवरून वळसा घालून उकिरड्यावर गेली, परत आली. दोन्ही वेळा ती आसनाच्या हातभर अंतरावरून गेली. दोन्ही वेळा बयाबाईच्या मांडीवर मोबाईल होता.

आपण श्वास मोजत नाही, वेळ मोजतोय, हे तिच्या ध्यानात आलं ते त्यानंतर. आणि ते आल्याबरोबर तिला आई दिसली. मेलेली नव्हे, मेलेली तिने पाहिलीच नव्हती. अंथरुणावर पडून दाराकडे बघणारी. बयाबाई उठली तेव्हा पायांना मुंग्या आल्या होत्या आणि साडेआठ वाजून गेले होते.

"आक्का," ती गोठ्याच्या दारात म्हणाली. अकरा वर्षांत हा शब्द तोंडात आला नव्हता, तो घोगरा निघाला. "सुदुंबऱ्याचा फोन व्हता. निवृत्ती बोलवतोय. चल, मी येते संगं."

येसूबाईने हातातली पाटी तिथेच सोडली. आळीतल्या सत्यमच्या रिक्षात दोघी बसल्या, आणि तळेगाव स्टेशनच्या गर्दीत रिक्षा अडली तेव्हा येसूबाईने बयाबाईचा हात धरला तो सुदुंबऱ्यापर्यंत सोडला नाही. शेणाने माखलेला तो हात खरखरीत आणि गार होता. बयाबाईला तो काढून घेता येईना आणि धरून ठेवता येईना.

निवृत्ती होता. छाती वरखाली होत होती, डोळे अर्धे उघडे. अपेक्षा आत्याच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "आत्ता पंधरा मिनिटं झाली गं त्यांची वाचा जाऊन. तवर आक्का आली का, आक्का आली का, येवढंच चाललं व्हतं." येसूबाईने भावाचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याला लहानपणच्या नावाने हाका मारल्या. त्याने ओ दिली नाही. दुपारी तो तसाच गेला.

पंधरा मिनिटं. बयाबाईला शाळा चौथीपर्यंतच होती, पण एवढा हिशेब तिला येत होता.

त्यानंतरचे दिवस तिला फार जड गेले, कारण ते चांगले होते. तेरावं करून येसूबाई परतली ती धाकटीचे गोडवे गातच. गावभर सांगत सुटली की मी तिचं तसं केलं, पण तिने मला भावाचं तोंड दाखवलं, पोटात माया असावी तर अशी. प्रेरणाने ते प्रमोदिनीताईंना कळवलं आणि ताईंचा फोन आला. ह्यालाच करुणा म्हणतात, त्या म्हणाल्या. बयाबाईने जेवण जळतंय असं सांगून फोन ठेवला. सकाळी येसूबाई कपात चहा घेऊन अंगणात येई, बये म्हणून हाक मारी, आणि दोघी चिंचेखाली बसत. अकरा वर्षांत साचलेलं किती बोलायचं होतं. बयाबाईला जाऊ हवीहवीशी वाटायला लागली होती, आणि स्वतःची शिसारी आली होती. डोळे मिटून बसलं की श्वास बघायला जागाच नसे, मोबाईलच दिसे.

आठ-दहा दिवस तिने काढले. मग एका सकाळी येसूबाई चहा घेऊन आली तेव्हा तिने कप घेतला नाही.

"आक्का, फोन आठला आलता," ती म्हणाली. "मी तुला साडेआठ वाजल्यावर सांगितलं. तवर हितं बसून ऱ्हायले. तू दोनदा माझ्यासमोरनं गेलीस."

येसूबाईने कप खाली ठेवला. ती बराच वेळ आसनाकडे बघत राहिली, मग गोठ्याकडे, जणू पावलं मोजत होती. बयाबाई शिव्यांची वाट बघत होती, त्या आल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं.

"आता कळलं न्हवं, कसं व्हतं ते?" येसूबाई म्हणाली.

"कळलं."

"तवा मी का सांगितलं न्हाई, ते मला अकरा वर्सांत कुनी इचारलंसुदिक न्हाई. तू बी न्हाई." एवढं बोलून ती उठली आणि तिने आपल्या बाजूचं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी चहा आला नाही. अबोला पुन्हा लागला. ह्या वेळी तो येसूबाईचा होता, आणि तो किती वर्षं चालवायचा हे ठरवायचा अधिकारही तिचाच. गावाने कपाळाला हात लावला. प्रेरणा पुन्हा निरोप नेऊ लागली. बयाबाईने कुणाला काही सांगितलं नाही, आणि कोंबड्यांना ती मुकाट्याने दाणे टाकू लागली.

सकाळी आठला ती अजून बसते. पोतं आणि गोधडी तीच, पण आता आसन अंगणाच्या मधोमध नसतं. तिने ते भिंतीच्या कडेला नेलं आहे, जिथे सकाळचं ऊन सरळ डोळ्यांवर येतं. तिथे बसून ती आधी सगळ्यांचं भलं चिंतते, मग आक्काचं. ते अजूनही घशात अडकतं, पण ती म्हणते. तेवढ्यात गोठ्यातून येसूबाई शेणाची पाटी घेऊन निघते आणि वळसा न घालता सरळ उकिरड्याकडे जाते.