आवाज कुठून येतात?

जमीन प्रकल्पात गेली तेव्हा मी शाळेत होते. उरलेल्या तुकड्यावरून बाबा आणि धाकटा काका यांचं बोलणं बंद झालं. पोटापाण्यासाठी बाबा जासईच्या कंटेनर यार्डात माल उतरवायला लागले. आमचं पत्र्याचं घर यार्डाच्या भिंतीला लागून. मी कानात कापूस घालून अभ्यास केला. घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नव्हतं. मी एमबीबीएस झाले, सायकिअट्रीत एम.डी.ला लागले आणि फायनलच्या प्रॅक्टिकलला नापास झाले.

तेव्हा वॉर्डातला एक खरा पेशंट देत. त्याच्याशी निवांत बोलायचं, मग परीक्षकांसमोर इंग्रजीत केस मांडायची. पेशंटशी माझं छान जमलं. परीक्षकांशी नाही.

पुढच्या वेळेपर्यंत पॅटर्न बदलला. आता ओळीने खोल्या. प्रत्येक खोलीत नकली पेशंट, म्हणजे आजार पाठ करून बसलेला नाटकातला माणूस. त्याच्याशी मराठीत बोलायचं, बेल वाजली की पुढची खोली. कोपऱ्यातला परीक्षक मार्क देणार, निदानाला कमी, बोलण्याला जास्त.

यंदा नापास होऊन चालणार नव्हतं. प्रॅक्टिसला बाबांनाच पेशंट केलं.

“कोणी नसताना आवाज ऐकू येतात का?”

“येतान ना. रातभर.”

“काय म्हणतात?”

“रिव्हर्स घेतान.”

यार्डातले ट्रेलर. मी पुढे गेले. “कोणी तुमच्या वाईटावर आहे असं वाटतं?”

“वाटतं कशाला, हाय. तुजा काका.”

“बाहेरचं कोणी तुमच्या डोक्यात विचार घालतं?”

“तुजी आई.”

आई आतून म्हणाली, “घालते, पन टिकत नाय.”

पुस्तकाप्रमाणे बाबांना त्याच दिवशी ॲडमिट करायला हवं होतं. मी ठरवलं, पेशंट काहीही सांगो, आधी घर कुठंय ते विचारायचं.

परीक्षेत एका खोलीत पन्नाशीचे गृहस्थ बसले होते. एकदम शुद्ध मराठीत म्हणाले, “डॉक्टर, माझा भाऊ माझ्याविरुद्ध कट करतो आहे.”

याला आम्ही डिल्यूजन म्हणतो. म्हणजे कितीही समजावलं तरी न हटणारा खोटा समज. पण तो खोटा आहे हे आधी बघावं लागतं.

“घर कुठे तुमचं?”

“सानपाडा.”

“गावात की सोसायटीत?”

“गावात.”

गावात म्हणजे आमच्यासारखेच मूळचे. माझ्या तोंडून घरचीच भाषा गेली. “जागा सामाईक हाय का?”

त्यांनी एकदा परीक्षकाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. “हाय ना, बाय. सहीच देत नाय तो.”

तिथून पाठ केलेलं सगळं गेलं. भावाने बिल्डिंग त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत आणली होती. पुतणीच्या हळदीला बोलावलं नव्हतं. गृहस्थांचे डोळे भरले. मी पाणी दिलं, ऐकत राहिले. बेल वाजली.

“डॉक्टर, डायग्नोसिस?” परीक्षकांनी विचारलं.

“सर, भाऊ.”

“बरोबर,” पेशंट म्हणाले.

“तुम्ही बोलू नका हो. डॉक्टर, माझ्या कागदावर स्किझोफ्रेनिया आहे.”

“सर, कागदावरचा पेशंट मघाशीच गेला. आता हे स्वतः बसलेत.”

परीक्षकांनी कागद तोंडासमोर धरला. कागद हलत होता. “सकाळपासून सगळ्यांनी यांना गोळ्या लिहून दिल्यात,” ते म्हणाले. “घर कुणी विचारलं नाही. जा, पुढची खोली.”

मी दारात पोचले तर मागून आवाज आला, “बाय, क्लिनिक कुठं हाय तुजं?”

निदानाचे मार्क गेले. बोलण्याचे पूर्ण मिळाले.

निकाल सांगितला तेव्हा बाबा म्हणाले, “मंग मी बरा झालो का?”

“नाही. आवाज चालूच आहेत.”

पेशंटला आवाज ऐकू येत असतील, तर डॉक्टरने आधी खिडकी उघडून बघावी. एवढंच मी नवीन पॅटर्नमधून शिकले.

आता सानपाड्यात माझं क्लिनिक आहे. पाटीवर माझं नाव आहे आणि नावापुढे एम.डी. आहे.