पाय लागला

परवा गुडघ्याला मलम चोळलं आणि त्या वासासरशी मी जर्मनीतल्या आखनच्या धुकट मैदानावर जाऊन पोहोचलो. दहा-बारा वर्षं झाली. तिथल्या आमच्या इन्स्टिट्यूटमधला आयरिश डेक्लन वीस वर्षं गेलिक फुटबॉल खेळला होता. हात-पाय दोन्ही चालणारा त्यांच्याकडचा खेळ. गुडघे गेले म्हणून ती त्याची शेवटची मॅच. एक माणूस कमी पडला, तर मला उतरवलं.

शेवटचं मिनिट, बरोबरी. ओला, जड चेंडू माझ्या छातीशी, समोर धुक्यात तरंगणारे गोलचे खांब. तेवढ्यात खाली पडलेल्या एका खेळाडूला माझा पाय लागला. मी थांबलो, वाकलो, त्याच्या खांद्याला हात लावून तो कपाळाला नेला. चेंडू गेला. मॅचही गेली.

"सॉरी रे. आमच्यात पाय लागला की नमस्कार करतात," मी नंतर म्हणालो. डेक्लन बाकावर बसून गुडघ्यांना मलम चोळत होता.

मग उठताना त्याचा पाय बाकाखालच्या चेंडूला लागला. वीस वर्षं लाथाडलेला चेंडू! डेक्लन कण्हत वाकला, चेंडूला हात लावला आणि कपाळाला नेला.

तेव्हा मला ती थट्टाच वाटली. आता माझा गुडघा वाकत नाही, तेव्हा कळतं, केवढा वाकला होता तो.