उपासाची पिवळी

माझ्या सासूबाईंचा आणि देवाचा करार फार जुना आहे. मंगळवारचा उपास त्यांनी करायचा आणि बाकीचे बहुतेक उपास देवाने गुडघेदुखीच्या कारणावरून माफ करायचे. नवरात्रातसुद्धा त्या उठता-बसता, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचाच उपास धरायच्या. मी एकही उपास करत नाही, मात्र त्यांची साबुदाण्याची खिचडी अर्धी मीच संपवते. त्यावरून आमच्या बोरिवलीच्या घरात दर मंगळवारी भांडण होतं. झालं नाही तर दोघींनाही चुकल्यासारखं वाटतं.

त्यांना सोरायसिस आहे. कोपरांवर आणि हातांवर लाल चट्टे, वर पांढरे खवले. हा आजार कुणाला लागत नाही हे त्या आयुष्यभर सांगत आल्या, आणि लोक आयुष्यभर मान डोलावून जरा लांब सरकत आले. हळदीकुंकवाला कपाळ पुढे करायच्या ऐवजी बायका म्हणायच्या, "द्या ना करंडा, मीच लावते." म्हणून सासूबाईंच्या ब्लाउजच्या बाह्या बारा महिने मनगटापर्यंत, अगदी मे महिन्यातल्या घामातही.

गेल्या उन्हाळ्यात कातडीच्या डॉक्टरांनी त्यांना एक गोळी सुरू केली. चिमुकली, पिवळी. "आठवड्यातून फक्त एकदा," डॉक्टरांनी बजावलं. "औषध जोरदार आहे, रक्त अधूनमधून तपासायचं. एक वार पक्का करा."

"मंगळवार," सासूबाई लगेच म्हणाल्या. "उपास असतो माझा. विसरायची नाही."

"झकास," डॉक्टर म्हणाले. घरी पोचेपर्यंत गोळीचं बारसंही झालं होतं. उपासाची पिवळी.

पिवळीने कमाल केली. चट्टे फिके पडले, खवले गेले आणि ब्लाउजच्या बाह्या कोपराच्या वर आल्या. नवरात्र आलं तसं सासूबाईंनी जाहीर केलं, "यंदा नऊच्या नऊ उपास. देवीचे उपकार आहेत."

"आणि डॉक्टरांचे?" मी विचारलं.

"त्याला फी दिली ना!"

खाली मैदानात गरबा सुरू झाला, ऑफिसात रोज ठरलेल्या रंगाचे कपडे सुरू झाले, आणि घरात खिचडीची चैन सुरू झाली. मी तर खूशच होते. चार-पाच दिवसांत सासूबाईंच्या तोंडात फोड आले. "उपासाची उष्णता," असं निदान करून त्यांनी गुलकंद आणि सब्जा सुरू केला. मग दंडावर जांभळे डाग दिसले. मी घाबरून हात धरला, तर माझ्या जांभळ्या कुर्त्याकडे बोट दाखवून म्हणतात, "आज रंग जांभळाच आहे ना? मग?"

अष्टमीला सकाळी ताप चढला. नवरा आणि मी त्यांना हॉस्पिटलात नेऊ लागलो तेव्हा त्या थेट मालवणीत शिरल्या. "माका काय धाड भरली आसा?" मालवणी सुरू झाली की समजावं, बाई घाबरलीय.

रक्तात प्लेटलेट फार कमी निघाल्या. आमच्या बिल्डिंगने फोनवरच डेंग्यू ठरवून टाकला. कुणी पपईच्या पानांचा रस सांगितला, कुणी बकरीचं दूध, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी चक्क बकरीचाच पत्ता दिला. पण डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली. पांढऱ्या पेशीही घसरल्या होत्या. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी पिवळ्या गोळीबद्दल खोदून विचारलं. "फक्त मंगळवारी," मी छातीठोक सांगितलं. मला तेच माहीत होतं.

दुपारी जेवणाचा ट्रे आला. मुगाची मऊ खिचडी. सासूबाईंनी फोडांनी भरलेल्या तोंडाने कसंबसं म्हटलं, "ही नको. उपास आहे. पर्समधली पिवळी तेवढी दे."

"आई, आज मंगळवार कुठे आहे?"

"मंगळवार कशाला हवा? उपास आहे ना! उपासाची पिवळी." मग माझ्याकडे बघून, जरा हळू, "रोज घेते ना मी. घटस्थापनेपासून."

ट्रे तिथेच टाकून मी डॉक्टरीणबाईंना शोधायला धावले.

त्या लगेच आल्या, इंजेक्शनं सुरू झाली. ह्या गोळीने हाडांच्या आतलं रक्त तयार करायचं काम थांबवलं होतं. सासूबाईंना समजावं म्हणून त्या म्हणाल्या, "रक्ताचा कारखाना बंद पडलाय, आजी."

माझे सासरे गिरणी कामगार होते. सासूबाईंनी डोळे उघडून विचारलं, "संप की टाळेबंदी?"

"संप समजा. मिटेल."

"आमचा नव्हता मिटला," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

मला तेव्हा हसू आलं नाही. त्यांच्याशिवाय मंगळवारी मी भांडणार कुणाशी, एवढंच डोक्यात होतं. कॉरिडॉरमध्ये, कुणी बघत नाही अशी खात्री करून, मी देवाशी बोलले. आमची ओळख नव्हती, त्यामुळे थेट मुद्द्यावर आले. आईंना घरी पाठव, त्यांचा मंगळवार मी करीन.

पुढचे काही दिवस पेशी हलेचनात. मग एका सकाळी रिपोर्टातले आकडे थोडे चढले. डॉक्टरीणबाई हसल्या. सासूबाई उशीला टेकून म्हणाल्या, "भोंगा झाला म्हणायचा." मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

घरी आल्यावर त्यांनी सगळ्यांना सुनावलं, "उपास होता म्हणून कळलं. मुकाट्याने ती मुगाची खिचडी खाल्ली असती तर गेले असते." खरंच होतं ते.

पिवळी कायमची बंद झाली. उपासही डॉक्टरीणबाईंनी सध्या बंद ठेवलेत. चट्टे परत आलेत, अगदी पहिल्यासारखे. मी जुने लांब बाह्यांचे ब्लाउज कपाटातून काढून दिले, तर त्यांनी ते घडी न मोडता परत ठेवले. "बघू देत लोकांना. चट्टे राहिले, तशी मीपण राहिले ना!"

मंगळवारी त्यांनी आपल्यासाठी पोळी-भाजी वाढून घेतली. मी साबुदाणा भिजवलेला पाहून त्यांनी डोळे बारीक केले.

"हा कुणाचा उपास?"

"माझा."

"तुझा? कधीपासून?"

"अष्टमीपासून."

चट्ट्यांचा हात पुढे करून त्यांनी मला खिचडी वाढली, दाण्याचं कूट जरा जास्तच घातलं, आणि मग समोर बसून म्हणाल्या, "कर हो उपास. गोळी मात्र घेऊ नकोस."